ड्रॉईंगवर जीडी अँड टी टाकताना: डेटम आधी, चौकट शेवटी

रबाळे एमआयडीसीतल्या आमच्या शॉपमध्ये आलेलं प्रत्येक ड्रॉईंग मशिनवर जाण्याआधी माझ्या टेबलावर येतं. मी ते वाचते, मोजायच्या मापांची यादी करते, शंका असल्या तर पार्टीला फोन करते. जीडी अँड टीची, म्हणजे भागाचा आकार, दिशा आणि जागा किती चुकली तर चालेल ते सांगणारी चिन्हं आता बहुतेक मुलांना येतात. कॅड सॉफ्टवेअरमध्ये बटण दाबलं की चौकट, म्हणजे चिन्ह, टॉलरन्सचा (चालणाऱ्या चुकीचा) आकडा आणि डेटमची अक्षरं लिहिलेला खोका, तयार होते. अडतं ते क्रमावर. चौकट आधी टाकली जाते, डेटम (ज्या पृष्ठभागापासून किंवा अक्षापासून मोजायचं तो आधार) जागा मिळेल तिथे चिकटवला जातो, आणि तो भाग जोडणीत बसतो कसा याचा विचार राहून जातो.

मागे एका पार्टीकडून चाळीस बेअरिंग हाऊसिंग परत आली. आमच्या रिपोर्टमध्ये बोअरची (आतल्या गोल भोकाची) पोझिशन टॉलरन्सच्या आत, त्यांच्या रिपोर्टमध्ये बाहेर. आम्ही जॉब फेसवर टेकवून मोजला होता, त्यांनी चौकटीत लिहिलं होतं त्याप्रमाणे स्पिगॉटचा (फेसच्या पुढे आलेल्या गोल कडेचा) अक्ष आधी धरून. चौकटीत बी, म्हणजे स्पिगॉट, पहिला आणि ए, म्हणजे फेस, दुसरा होता. तो क्रम आमच्याकडे कुणी नीट वाचला नाही ही आमची चूक. तो क्रम त्या भागाला मुळात चुकीचा होता ही ड्रॉईंगची चूक. दोन अक्षरांची अदलाबदल, पण त्यात सगळ्यांचा महिना गेला.

तसंच एक हाऊसिंग मी इथे उदाहरणाला घेते. पंपाचं बेअरिंग हाऊसिंग, एफजी २६० बीडाचं कास्टिंग. फ्लँजचा फेस पंपाच्या केसिंगवर बसतो. फेसच्या पुढे ८० व्यासाचा, ६ मिमी उंचीचा स्पिगॉट आहे. तो केसिंगच्या ८० एच७ (एच७ म्हणजे फिटचा ठरलेला टॉलरन्स वर्ग) बोअरमध्ये जातो. आत ६२०५ बेअरिंगसाठी ५२ व्यासाचा बोअर. १०५ पीसीडीवर (भोकांची केंद्रं ज्या वर्तुळावर येतात त्याचा व्यास) चार भोकं, त्यांतून एम८ बोल्ट केसिंगच्या टॅप केलेल्या भोकांत जातात. वर ग्रीस निपलचं एक भोक. सगळे टप्पे याच भागावर करून पाहू.

## सुरू करण्याआधी काय जवळ हवं

असेंब्लीचं ड्रॉईंग. ते नसेल तर निदान ज्या भागावर हा बसणार त्याचं ड्रॉईंग. एकट्या भागाच्या मॉडेलवरून डेटम ठरवायला बसू नका; निम्म्या चुका तिथेच होतात.

लॉटमध्ये किती नग आहेत ते माहीत असू द्या. दहा नगांसाठी कुणी गेज (भाग बसतो की नाही एवढंच तपासणारं साधन) बनवत नाही, पाच हजारांसाठी बनवतात, आणि टॉलरन्स कसा लिहायचा यावर त्याचा परिणाम होतो. भाग कुठे बनणार, तिथे सीएमएम (प्रोबने बिंदू घेऊन मोजणारं मशिन) आहे की सरफेस प्लेट, हाईट गेज आणि लिव्हर डायल एवढंच आहे, हेही विचारून घ्या. वागळे इस्टेट काय किंवा रबाळे-महापे काय, बरीच लहान शॉप सीएमएम रिपोर्ट बाहेरच्या लॅबकडून करून घेतात. तिथे जॉबबरोबर ड्रॉईंगची प्रत जाते, समजावणारा माणूस जात नाही. म्हणून ड्रॉईंगवर जे लिहिलंय तेच मोजलं जातं.

एक कोरा कागद आणि पेन्सिल. पहिले तीन टप्पे कॅड न उघडता करायचे आहेत.

## टप्पा १: भाग कशावर टेकतो, कशाने मधोमध येतो, कशाने फिरत नाही

हे तीन प्रश्न कागदावर लिहा आणि प्रत्येकापुढे एकच उत्तर लिहा.

आपलं हाऊसिंग टेकतं फ्लँजच्या फेसवर. बोल्ट आवळले की फेस केसिंगला चिकटतो आणि भागाची दिशा तोच ठरवतो. मधोमध येतं स्पिगॉटमुळे. फिरत नाही बोल्टमुळे.

उत्तर लिहिताना "फेस आणि स्पिगॉट दोन्ही" असं होऊ लागलं तर थांबा. दोघांचं काम एकच असू शकत नाही. स्पिगॉट फक्त ६ मिमी उंच आहे. टोकांचे चेंफर सोडले तर पकड जेमतेम ४ मिमी. एवढ्याशा लांबीवर अक्षाची दिशा ठरत नाही. स्पिगॉट ६० मिमी लांब आणि फ्लँज अरुंद असता, तर उत्तर उलटं आलं असतं.

तपासा: जुळणारा भाग हातात असेल तर दोन्ही एकमेकांत घालून बघा. आधी काय टेकतं आणि नंतर कुठे हालचाल उरते हे बोटांना कळतं.

## टप्पा २: नियम कुठला, ते टायटल ब्लॉकमध्ये लिहा

अमेरिकेची एएसएमई वाय १४.५ की आयएसओ, हे लिहिलेलं नसेल तर एकाच ड्रॉईंगचे दोन अर्थ निघतात. एएसएमईची चालू आवृत्ती २०१८ची आहे. आयएसओमध्ये एकच पुस्तक नाही. भौमितिक टॉलरन्ससाठी १११०१ नव्हे, ११०१, डेटमसाठी ५४५९, मूळ तत्त्वांसाठी ८०१५ असे वेगवेगळे भाग आहेत. आकडा टाकताना एक अंक जास्त पडलेली ड्रॉईंग्ज मी पाहिली आहेत, म्हणून मुद्दाम सांगते.

फरक कुठे पडतो? समजा २० व्यासाची पिन आहे, टॉलरन्स ० ते −०.०२. एएसएमईमध्ये पिन बरोबर २०.०० झाली तर ती पूर्ण सरळ असायलाच हवी, कारण कमाल मापाच्या पूर्ण आकाराच्या वेष्टणात ती मावली पाहिजे. आयएसओमध्ये माप आणि आकार स्वतंत्र धरतात. ती पिन प्रत्येक ठिकाणी २०.०० भरली आणि थोडी वाकडी असली, तरी मापात पास. वेष्टणाची अट हवी असेल तर मापापुढे वर्तुळातला ई लिहावा लागतो. फिटच्या मापांवर हा ई राहून जातो, आणि मग मायक्रोमीटरवर पास झालेली पिन भोकात जात नाही.

सर्वसाधारण टॉलरन्ससाठी बरेच जण अजून "आयएसओ २७६८-एमके" लिहितात. यातला एम पहिल्या भागातला, लांबी आणि कोनांसाठीचा. तो वापरात आहे. के ज्या दुसऱ्या भागातून येतो तो भाग २०२१ मध्ये मागे घेतला गेला आणि त्याच्या जागी आयएसओ २२०८१ आलं. नवीन ड्रॉईंगवर जुनी ओळ डोळे झाकून कॉपी करू नका.

प्रोजेक्शनचं, म्हणजे कुठला व्ह्यू कुठल्या बाजूला काढलाय ते सांगणारं चिन्हही याच वेळी तपासा. आपल्याकडे फर्स्ट अँगल, अमेरिकन ड्रॉईंग थर्ड अँगल. चुकलं तर ग्रीस निपल भलत्याच बाजूला जातं.

## टप्पा ३: डेटम आणि त्यांचा क्रम

पहिल्या टप्प्यातली तीन उत्तरं हेच तुमचे तीन डेटम, त्याच क्रमाने. फेस ए, स्पिगॉट बी, चार भोकांचा पॅटर्न सी.

ए हा पहिला डेटम. भाग त्यावर किमान तीन ठिकाणी टेकतो आणि दोन दिशांना कलंडणं व आत-बाहेर सरकणं बंद होतं. बी दुसरा, तो उरलेल्या दोन दिशांचं सरकणं थांबवतो. सी फक्त फिरणं थांबवतो. चौकोनी ठोकळ्यात हेच तीन, दोन आणि एक असे टेकू मोजतात.

क्रम का महत्त्वाचा, त्याचा हिशेब त्या चाळीस हाऊसिंगवर करून पाहा. स्पिगॉटवर ४ मिमी अंतरावर दोन वर्तुळं घेऊन सीएमएमने अक्ष काढला. त्या दोन वर्तुळांच्या केंद्रांत ५ मायक्रॉनचा फरक आला; बीडाच्या पृष्ठभागावर आणि प्रोबच्या मर्यादेत एवढा सहज येतो. आता तो अक्ष ४० मिमी आत बोअरच्या टोकापर्यंत वाढवा. अंतर दहापट, चूकही दहापट: ०.०५. पोझिशनचा टॉलरन्स होता ०.०३. भाग चांगला असो वा वाईट, मोजमापच त्याला पास होऊ देणार नव्हतं. क्रम ए, बी केला की दिशा १३० मिमी रुंद फेसवरून येते, आणि स्पिगॉटकडून फक्त केंद्र घेतलं जातं. ड्रॉईंगची नवी रिव्हिजन आल्यावर तेच जॉब पुन्हा मोजले. त्यातले बहुतेक आत होते.

नेहमीच्या चुका:

- कास्ट, न मशिन केलेल्या पृष्ठभागाला थेट डेटम करणं. तो प्रत्येक वेळी वेगळा टेकतो. पहिल्या सेटिंगसाठी कास्ट पृष्ठभाग धरायचाच असेल तर डेटम टार्गेट द्या, म्हणजे नेमके कुठले बिंदू ते ड्रॉईंगवर दाखवा.
- भागाचा काल्पनिक मध्य डेटम करणं. ज्याला हात लावता येत नाही त्यावर जॉब टेकवता येत नाही. डेटमचं चिन्ह खऱ्या पृष्ठभागावर किंवा मोजता येणाऱ्या मापावर हवं.
- डेटमनाच मोकळं सोडणं. ए सपाट नसेल तर भाग डुगडुगतो. बी ए ला काटकोनात नसेल तर फेस बसत नाही. ए ला फ्लॅटनेस ०.०२, बी ला ए शी परपेंडिक्युलॅरिटी व्यास ०.०१, हे दोन आधी टाका, बाकीचं नंतर.
- ए पासून जी पर्यंत सात डेटम. आपल्या भागाला तिनाहून जास्त लागत नाहीत. जास्त दिसले तर समजा कुणीतरी चौकटीपासून सुरुवात केली आहे.

## टप्पा ४: डेटमचा त्रिकोण टेकवायचा कुठे

आता कॅड उघडा.

त्रिकोण मापाच्या रेषेच्या बरोबर सरळ रेषेत असेल तर डेटम म्हणजे अक्ष किंवा मध्यपातळी. मापाच्या रेषेपासून स्पष्ट बाजूला, पृष्ठभागावर किंवा त्याच्या वाढवलेल्या रेषेवर असेल तर डेटम म्हणजे तो पृष्ठभाग. स्पिगॉटचा बी हा ८० च्या मापाच्या रेषेला अगदी लागून हवा. फेसचा ए कुठल्याही मापाच्या रेषेशी भिडता कामा नये. प्रिंट काढल्यावर दोन-तीन मिमी इकडेतिकडे झालं की अर्थ बदलतो.

चौकटीच्या बाणालाही हाच नियम. बाण मापाच्या रेषेत म्हणजे अक्षाला टॉलरन्स, बाजूला म्हणजे पृष्ठभागाला.

सावधान: स्केल बदलल्यावर किंवा व्ह्यू हलवल्यावर सॉफ्टवेअर हे चिन्ह सरकवतं. शेवटची प्रिंट कागदावर काढून पाहा.

## टप्पा ५: आधी मापं आणि फिट

भौमितिक टॉलरन्स मापाच्या टॉलरन्सवर उभा असतो, म्हणून मापं आधी पक्की करा. स्पिगॉट ८० जी६, म्हणजे −०.०१० ते −०.०२९. केसिंगचा ८० एच७, म्हणजे ० ते +०.०३०. ढिलाई कमीत कमी ०.०१०, जास्तीत जास्त ०.०५९. हा दुसरा आकडा लिहून ठेवा, भोकांच्या वेळी लागणार आहे.

बेअरिंगचा बोअर ५२ एच७: ० ते +०.०३०. भोकं ९.० ते ९.२. ड्रॉईंगवर एच७ च्या शेजारी आकडेही लिहा. मशिनवरच्या माणसाने भिंतीवरचा तक्ता शोधत बसू नये.

मे महिन्यात आमच्या शेडमध्ये दुपारी ३५ अंशांच्या वर जातं. सगळी मापं २० अंशांना धरलेली असतात. ८० मिमीचं बीड १५ अंशांनी तापलं तर सुमारे १२ मायक्रॉन वाढतं, आणि जी६ ची सगळी पट्टी १९ मायक्रॉनची. लोखंडी मायक्रोमीटर आणि जॉब दोन्ही एकाच तापमानाला आले की फरक बराचसा कापला जातो; कटिंगमधून नुकताच निघालेला गरम जॉब मोजला की कापला जात नाही. ज्या मापाला हा धोका आहे त्यापुढे "जॉब थंड झाल्यावर मोजा" अशी टीप टाकायला मी तरी संकोच करत नाही.

## टप्पा ६: आकार, मग दिशा, मग जागा

टॉलरन्स टाकण्याचा क्रम हाच ठेवा. आकडा प्रत्येक पायरीला मोठा होत गेला पाहिजे.

बोअर घेऊ. बेअरिंगची बाहेरची रिंग पातळ असते आणि बोअरचा आकार घेते, म्हणून सिलिंड्रिसिटी (पूर्ण गोल, सरळ नळीसारखा आकार) ०.०१. आकाराच्या टॉलरन्सला डेटम नसतो. फ्लॅटनेसच्या चौकटीत ए लिहिलेला दिसला तर लिहिणाऱ्याला पॅरललिझम म्हणायचं होतं, किंवा त्याला काय म्हणायचंय ते त्याचं ठरलेलं नाही. दोन्ही वेळा फोन करून विचारा.

जागेसाठी बोअरला पोझिशन, व्यास ०.०३, मग ए, मग बी. ए पहिला असल्यामुळे याच चौकटीत बोअर फेसला काटकोनात राहण्याची अटही ०.०३ पर्यंत आली. तेवढी पुरत असेल तर परपेंडिक्युलॅरिटी वेगळी लिहू नका. अधिक घट्ट हवी असेल तरच ०.०१५ अशी लिहा. पोझिशन ०.०३ आणि परपेंडिक्युलॅरिटी ०.०५ असं लिहिलं तर दुसरी चौकट काहीच काम करत नाही.

इथे कॉन्सेंट्रिसिटी (एककेंद्री असण्याची अट) टाकायची सवय फार आहे. एएसएमईने २०१८ मध्ये ती आणि सिमेट्री दोन्ही काढून टाकल्या. आयएसओमध्ये ते चिन्ह आहे, पण तिथे त्याचा अर्थ अक्ष एका रेषेत असणं असा आहे. जुन्या एएसएमईत अर्थ वेगळा होता आणि मोजायला अवघड होता. सरळ पोझिशन द्या. भाग फिरवून डायलने तपासायचा असेल तर रनआऊट (फिरवताना डायल किती हलतो) द्या.

सावधान: रनआऊटचा आकडा म्हणजे डायलचा पूर्ण फेर. केंद्र ०.०१५ ने सरकलं असेल तर डायल ०.०३ दाखवतं, आणि पोझिशनही व्यासात ०.०३ येते. कुणी डायलचं रीडिंग निम्मं करून रिपोर्टमध्ये भरलं, तर प्रत्यक्षात दुप्पट चूक पास होते. रनआऊटमध्ये बोअरचा ओव्हलपणाही मिसळतो, हेही लक्षात असू द्या.

## टप्पा ७: बेसिक मापांना चौकोन

पोझिशन दिली की १०५ पीसीडी आणि ९० अंश ही बेसिक, म्हणजे आदर्श जागा सांगणारी मापं चौकोनात जातात आणि त्यांना स्वतःचा टॉलरन्स उरत नाही. चौकोन राहून गेला तर सर्वसाधारण टॉलरन्स लागू होतो. आयएसओ २७६८च्या एम वर्गात ३० ते १२० मिमीला तो ±०.३ आहे. एकाच भोकाला मग दोन मालक होतात, आणि वाद झाला की प्रत्येक जण आपल्या सोयीचा धरतो.

प्रत्येक पोझिशनच्या चौकटीपासून डेटमपर्यंत बेसिक मापांचा रस्ता बोटाने चालून पाहा. मधे खड्डा पडता कामा नये.

## टप्पा ८: भोकांची पोझिशन, हिशेबासकट

हा टप्पा सावकाश वाचा. सगळ्यात जास्त रिजेक्शन इथे होतं, आणि त्यातलं बरंचसं विनाकारण.

जुनी पद्धत: भोकाचं केंद्र ±०.१ एक्समध्ये, ±०.१ वायमध्ये. हा चौकोन झाला. त्याच्या कोपऱ्यातलं केंद्र मधल्या बिंदूपासून ०.१४१ दूर असतं आणि पास होतं. तेवढंच दूर पण सरळ एक्सच्या दिशेत गेलं की नापास. बोल्ट गोल आहे, त्याला दिशेशी देणंघेणं नाही. म्हणून पोझिशनचा झोन गोल, आणि चौकटीत आकड्याआधी व्यासाचं चिन्ह. ते विसरलं की झोन गोल राहत नाही.

आकडा किती? बोल्ट केसिंगच्या टॅपमध्ये जातो, म्हणजे एका बाजूला तो पक्का धरलेला आहे. भोक कमीत कमी ९.०, बोल्ट ८.०, मोकळीक १.०. ही दोन भागांत वाटायची: हाऊसिंगच्या भोकांना आणि केसिंगच्या टॅपना. निम्मी-निम्मी ०.५ येते. पण स्पिगॉटची ०.०५९ ची ढिलाई पण यातच खपते. म्हणून मी दोन्हीकडे ०.४ देईन आणि ०.२ हाताशी ठेवीन. टॅपऐवजी दोन्ही भागांत मोकळी भोकं आणि बोल्ट-नट असते, तर प्रत्येक भागाला पूर्ण १.० मिळाला असता आणि त्यातून ढिलाई वजा झाली असती.

चौकट अशी: पोझिशन | व्यास ०.४, वर्तुळातला एम | ए | बी.

वर्तुळातला एम म्हणजे ०.४ हा आकडा भोक सगळ्यात लहान, ९.० असतानाचा. भोक जितकं मोठं, तितकी जास्तीची सूट. एक खरा मोजलेला जॉब घ्या:

- एक्सचा फरक ०.१५, वायचा ०.१८.
- दोन्हींचे वर्ग: ०.०२२५ आणि ०.०३२४. बेरीज ०.०५४९. वर्गमूळ ०.२३४.
- हे त्रिज्येतलं. दुप्पट करा: ०.४६८.
- भोकाचं माप ९.१५. सूट ०.१५. मंजूर टॉलरन्स ०.४ अधिक ०.१५, म्हणजे ०.५५.
- ०.४६८ हे ०.५५ च्या आत. पास.

हेच भोक ९.०२ असतं तर मंजुरी ०.४२ आणि जॉब नापास. दोन चुका नेहमी होतात: दुप्पट करायचं विसरणं, म्हणजे वाईट जॉब पास, आणि सूट न मोजणं, म्हणजे चांगला जॉब भंगारात. दुसरी मला जास्त लागते, कारण तो जॉब कुणीतरी मेहनतीने बरोबर केलेला असतो.

एम कुठे नको? बेअरिंगच्या बोअरला. बोअर मोठा झाला म्हणून शाफ्ट बाजूला सरकलेला चालत नाही. जिथे फक्त "जाईल की नाही" एवढाच प्रश्न आहे तिथे एम. जिथे नेमकी जागा महत्त्वाची तिथे नाही.

चौकटीतल्या बी ला एम लावल्याने मिळणारी मोकळीक चारही भोकांना मिळून एकदाच असते. ती प्रत्येक भोकाच्या टॉलरन्समध्ये मिळवायची नसते. हे टीममध्ये सगळ्यांना माहीत असल्याची खात्री नसेल तर बी ला एम न लावलेलाच बरा.

केसिंगच्या ड्रॉईंगवर टॅपना वर्तुळातला पी आणि फ्लँजची जाडी लिहा. आपली फ्लँज १४ मिमी जाड आहे. टॅप तिरका असेल तर बोल्ट बाहेर येईपर्यंत आणखी सरकतो. पी मुळे पोझिशन त्या १४ मिमीत, जिथे बोल्ट खरोखर असतो, तिथे तपासली जाते.

ग्रीस निपलचं भोक ए, बी, सी ला बांधा आणि टॉलरन्स सढळ द्या. त्यावर आणखी वेळ घालवायची गरज नाही.

## टप्पा ९: प्रत्येक चौकटीसमोर मोजायची पद्धत लिहा

ड्रॉईंगच्या एका प्रिंटवर, पेन्सिलने. जिथे पद्धत सुचत नाही ती चौकट एकतर चुकीची आहे किंवा महाग आहे.

उपकरणाची बारीकी टॉलरन्सच्या साधारण दहाव्या भागाएवढी हवी. ०.०२ च्या फ्लॅटनेससाठी ०.०१ चा डायल पुरत नाही, ०.००२ चा लिव्हर डायल घ्या.

फ्लॅटनेसची चूक इतकी सर्रास होते की ती जवळून सांगते. फेस सरफेस प्लेटवर पालथा ठेवतात आणि डायल वरच्या मागच्या बाजूवर फिरवतात. ते दोन बाजूंचं पॅरललिझम झालं. बरोबर पद्धत अशी: फेस वर, खाली तीन स्क्रू जॅक. फेसच्या कडेला, एकमेकांपासून शक्य तितके दूर असे तीन बिंदू खडूने टिंबून घ्या. डायल पहिल्यावर शून्य, मग जॅक फिरवत दुसऱ्या आणि तिसऱ्यावरही शून्य. तीन-चार फेऱ्या लागतात, कारण एक जॅक हलला की बाकी दोन थोडे बदलतात. तिन्ही शून्यावर आले की डायल पूर्ण फेसवर, स्पिगॉटला वळसा घालून फिरवा. सगळ्यात वरचं आणि सगळ्यात खालचं रीडिंग, त्यातला फरक लिहा. ०.०२ च्या आत आला तर जॉब निश्चित पास. किंचित बाहेर आला तर तीन बिंदू बदलून पुन्हा करा, कारण या पद्धतीत आकडा खऱ्यापेक्षा जास्त येऊ शकतो, कमी येत नाही.

भोकांसाठी लॉट मोठा असेल तर गेज करा. पिनेचं माप ९.० वजा ०.४, म्हणजे ८.६. स्पिगॉट ढिलाईशिवाय धरणारं कोलेट मधे, फेस टेकायला ग्राउंड रिंग, चार पिना. जॉब खाली बसला की पोझिशन पास. भोकाचं माप मात्र गो-नोगो प्लगने वेगळं तपासा. पोझिशनचा गेज मोठ्या झालेल्या भोकाला अडवत नाही.

## टप्पा १०: मशिनवाल्याला वाचून दाखवा

ड्रॉईंग रिलीज करण्याआधी एक चौकट मोठ्याने वाचा: "बोअरचा अक्ष ०.०३ व्यासाच्या नळीत हवा, ती नळी फेस ए ला काटकोनात आणि स्पिगॉट बी च्या मधोमध." असं एका दमात वाचता आलं नाही तर चौकटीत गोंधळ आहे.

आमच्याकडचे जुने टर्नर काका ड्रॉईंग हातात घेतल्यावर एकच विचारतात, "ताई, हे धरायचं कुठून?" त्याचं उत्तर कागदावरच सापडायला हवं. या हाऊसिंगचं सापडतं: फेस, स्पिगॉट आणि बोअर एकाच सेटिंगमध्ये संपवायचे. मागची बाजू आधी रफ करून तिथे धरलं की तिन्ही एकाच बाजूने होतात, आणि ०.०३ ची पोझिशन वेगळे कष्ट न घेता मिळते. दोन सेटिंगमध्ये केलं तर सॉफ्ट जॉ (चकचे मऊ जबडे) जागेवर बोअर करून घ्यावे लागतात आणि तरीही आकडा काठावर येतो. हे त्यांच्याशी दहा मिनिटं बोलून कळतं. ऐकून टॉलरन्स बदलावासा वाटला तर आत्ताच बदला.

मग प्रत्येक मापाला आणि चौकटीला फुग्यात नंबर द्या, त्याच नंबरांनी फर्स्ट पीसचा रिपोर्ट भरा, आणि रिपोर्टमध्ये पोझिशनसमोर तीन रकाने ठेवा: मोजलेली पोझिशन, भोकाचं माप, मंजूर टॉलरन्स. लॅबला जॉब पाठवताना चलनावर "डेटम क्रम ए, बी, बी फक्त केंद्रासाठी" असं हाताने लिहा. नवीन रिव्हिजन निघाली की मशिनजवळची जुनी प्रिंट स्वतः जाऊन काढून घ्या आणि तिच्यावर आडवी रेघ मारून तारीख टाका.